सिस्टरांचा सोनेरी ओरेगॅनो

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा सिस्टरांनी भाड्याचा विषयच काढला नाही. त्या सरळ पूर्वेच्या खिडकीशी गेल्या, चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही खिडकी मृगापासून दसऱ्यापर्यंत माझी. इथे माझ्या कुंड्या राहतील. कपडे दुसरीकडे वाळत घालायचे. जमेल?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. महाडच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती, तो तिथल्या एका कारखान्यात रुजू झाला होता, आणि आम्ही आठवडाभर लॉजवर दिवस काढत होतो. जमेल म्हणालो.

"कुंड्या कसल्या?" मी विचारलं.

"ओरेगॅनो. सोनेरी पानाचा."

मी सांगलीकडची. हा शब्द तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला. बाई नर्स, म्हणून मला वाटलं एखादं औषध असेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या काळात महाडमध्ये पिझ्झा पोचला नव्हता आणि सिस्टर सोडल्या तर गावात हा शब्द कुणी उच्चारत नसे. सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या. दासगावजवळच्या एका बौद्धवाडीत जन्म, मुंबईला नर्सिंग, मग सगळी नोकरी महाड-पोलादपूर भागात. लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. त्यामुळे बाजारात चाळिशीचा मिशीवाला माणूससुद्धा त्यांना बघून विडी मागे लपवायचा. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. पोस्टमनसुद्धा फाटकाशी "सिस्टर!" एवढंच ओरडायचा.

ते रोप त्यांच्याकडे आलं ते खाडीकाठच्या एका खलाशामुळे. तो बोटीवर स्वयंपाकी होता. त्याच्या बायकोचं अवघड बाळंतपण सिस्टरांनी पार पाडलं. तो सुटीवर आला तेव्हा साडी द्यायला लागला, ती त्यांनी परत केली. पुढच्या खेपेला त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी आणली. सिस्टर म्हणायच्या, "साडी परत करता येते. जिवंत वस्तू कशी परत करणार? तिला आधी पाणी द्यावं लागतं."

मरव्याचं भावंड शोभेल असं ते झुडूप. वीतभर उंचीचं, जमिनीसरशी पसरणारं, नखाएवढी गोल पानं. पण रंग मात्र पिकल्या लिंबाचा. कार्तिकातल्या सकाळी पायऱ्यांवर ऊन आलं की दोन्ही बाजूंच्या कुंड्या अशा दिसत, जणू कुणी हळद सांडून ठेवली आहे.

अडचण एकच, की या झाडाला ओल सोसत नाही. आणि महाडला तर पाऊस असा, की भिंतीला बोट लावलं तर बोट ओलं व्हावं. कोकणात हे झाड लावणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवण्यासारखं होतं. सिस्टर ते वर्षानुवर्षं शिकवत होत्या. नदीची जाड वाळू, फुटक्या कौलांचा चुरा आणि थोडी माती, असं मिश्रण त्या स्वतः चाळून करत. मृग लागला की कुंड्या घरात येत, काही त्यांच्या ओटीवर, काही आमच्या खिडकीत. चार महिने पुरेसं ऊन नाही म्हटल्यावर पानं हिरवी पडत. दसऱ्याला त्या परत पायऱ्यांवर जात आणि दिवाळीपर्यंत पुन्हा सोनं. आमच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायची आम्हाला बंदी होती. "तुम्ही देशावरची माणसं. पाणी दिसलं की ओतता."

खेड्यातून येणाऱ्या बायका त्या झाडाकडे काळजीने बघायच्या. त्यांच्या तोंडी ओरेगॅनोचा वरगाणा झाला होता.

"सिस्टर, तुमचा वरगाणा पिवला पडलाय गो. शेणखत घाला जरा."

"तो तसाच असतो."

"असा कसा असंल? आजारी हाय तो."

"मी नर्स आहे. आजारी कोण ते मला कळतं."

मागणाऱ्याला त्या फांदी देत नसत. न मागणाऱ्याला मात्र एखाद्या दिवशी कुंडीच नेऊन देत. पण तिथे प्रकरण संपत नसे. महिन्या-दोन महिन्यांनी, न कळवता, त्या तपासणीला जात. मामलेदारांच्या घरी अशीच एक कुंडी गेली होती. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू चालू होतं, अंगण बायकांनी भरलं होतं, आणि सिस्टर फाटकातून आत आल्या. सरळ व्हरांड्यात गेल्या. कुंडीत बोट खुपसलं. "बुडवून मारताय याला," असं म्हणून कुंडी उचलून कडेवर घेतली. मामलेदारीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, तरी रीत म्हणून वाण पुढे केलं. सिस्टरांनी वाणही घेतलं, "छान आहे वाटी" म्हणाल्या आणि कुंडी घेऊन चालत्या झाल्या. मी त्या बायकांत होते. त्या दिवशी घरी परत यायची मला भीती वाटत होती, पण सिस्टर ओट्यावर बसून त्या कुंडीतली सडलेली मुळं कात्रीने कापत होत्या आणि तोंडाने एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं काहीतरी पुटपुटत होत्या.

खायलाही त्या तो वापरत. वालाच्या बिरड्यात घातला तेव्हा नवरा दोनदा वाटी घेऊन आला. घावनात घातला तो मात्र आम्ही गुपचूप खाल्ला. "चव कमी असते सोनेरीला," त्या स्वतःच म्हणायच्या. "चवीचा हिरवा. हा दिसायचा."

मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोटणारी गर्दी आमच्या गल्लीपर्यंत यायची. त्या दिवसांत सिस्टरांचं घर सगळ्यांचं असे. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर ट्रकमध्ये उभ्याने आलेल्या बायका ओटीवर पाठ टेकत, लेकरांना पाजत. सिस्टर पांढरी साडी नेसून मीठ-साखरेचं पाणी ढवळत बसत. आमचं न्हाणीघर त्या दिवशी आमचं नसे, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कुणा बाईने जाताना कुतूहलाने त्या पिवळ्या पानांना हात लावला तर, एरवी मागणाऱ्याला देठही न देणाऱ्या सिस्टर, फांदी खुडून तिच्या पदराच्या टोकात बांधत. "जगणार नाही बहुतेक," म्हणत. "पण ने."

निवृत्तीनंतरही त्या घरी इंजेक्शनं देत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लोक येत. आम्ही राहायला गेल्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांची एक नवीनच सवय मला दिसू लागली. माणूस आला की त्या औषधाची बाटली त्याच्या नाहीतर त्याच्याबरोबरच्या माणसाच्या हातात देत. "वाच. मोठ्याने. शिकलायस ना?" तो वाचायचा. "चिठ्ठीतही तेच आहे का? नीट बघ." मग औषध भरायचं. मला वाटायचं, जन्मभर लोकांना दटावलं, त्यातलाच हा आणखी एक प्रकार. मलाही त्या रोज सकाळी पायरीवर थांबवत. कुंडीतलं पान माझ्यापुढे धरत. "सांग, पिवळं की हिरवं?" मी पिवळं म्हटलं की मान हलवत, जणू तोंडी परीक्षेचा गुण दिला.

त्याच वर्षी शेजारच्या किराणा दुकानदाराने घरावर माडी चढवली. त्याला सगळे शेट म्हणत. घाबरट, पण मनाचा चांगला माणूस. पाया मजबूत, भिंती जाड, वर मोठी गच्ची. त्या माडीने सिस्टरांच्या पायऱ्यांवरचं ऊन खाल्लं. सिस्टरांनी नगरपालिकेत अर्ज दिला, दोनदा जाऊन आल्या. काही झालं नाही. मग त्यांनी शेटला रस्त्यात उभं करून बजावलं, "तुमच्या माडीमुळे माझा ओरेगॅनो हिरवा राहिला, तर मी तुमच्या घराची पायरी चढणार नाही. तुम्ही आजारी पडलात तरीही."

दसरा झाला, दिवाळी झाली. पायऱ्यांवरच्या कुंड्या हिरव्याच राहिल्या. अगदी हिरव्या, कोथिंबिरीसारख्या. आणि सिस्टर काहीच बोलेनात. उलट सकाळी शेट दुकान उघडायला निघाला की त्याला हाक मारून विचारत, "काय शेट, पिवळा आहे ना?"

शेट कुंड्यांकडे बघायचा, आपल्या माडीकडे बघायचा आणि म्हणायचा, "पिवळा धमक, सिस्टर!"

पोस्टमन म्हणायचा पिवळा. दूधवाला म्हणायचा पिवळा. गल्लीत भांडण नको म्हणून सगळ्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं. मला मात्र ते जमलं नाही. एक दिवस पान पुढे आलं तेव्हा मी म्हणाले, "सिस्टर, हिरवं आहे."

"नीट बघ."

"हिरवंच आहे. सगळ्याच कुंड्या हिरव्या आहेत."

त्यांनी ते पान स्वतःच्या डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाल्या, "तुझे डोळे तपासायला हवेत. शाळेत पोरांच्या वह्या तपासून बिघडलेत. रविवारी पोलादपूरला नेत्रशिबिर आहे. मी घेऊन जाते तुला."

नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी आम्ही एसटीने पोलादपूरला गेलो. शाळेच्या मोठ्या खोलीत शिबिर होतं. डोंगरातल्या वाड्यांमधून आलेली म्हातारी माणसं बाकांवर ओळीने बसली होती. सिस्टरांना बघून निम्मी उठून उभी राहिली. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी मला तक्ता वाचायला लावला, डोळ्यांत उजेड मारला आणि म्हणाले, "उत्तम आहेत डोळे. काही नको."

"नीट तपासलंत?" सिस्टरांनी विचारलं. "हिला पिवळं हिरवं दिसतं."

डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातला टॉर्च न विझवताच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जरा बसता का इथे?"

त्या बसल्या. का बसल्या, ते मला अजून कळलेलं नाही. एखादा उभाच राहिला असता, भांडला असता. त्या पदर सावरून बसल्या आणि हनुवटी स्वतःच वर केली. डॉक्टरांनी एक डोळा बघितला, दुसरा बघितला. "दोन्हींत मोतीबिंदू आहे. चांगलाच पिकलाय. तुम्हाला सगळं पिवळसर, मातकट दिसत असेल. कधीपासून?"

बाकावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाटल्या मी वाचून घेत होते, ते तुला कळलं असेल आता."

मी त्यांच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली.

"चुकले नाही कधी. पण चुकले असते एखाद्या दिवशी." मग थोड्या वेळाने, "घरी गेलं की मला एक पाटी लिहून दे. ठळक अक्षरात. इंजेक्शन बंद."

ती पाटी मी लिहिली. त्यांनी ती फाटकाला स्वतः बांधली, आणि गाठ दोनदा चाचपून बघितली.

ऑपरेशनला मात्र त्या तयार होईनात. पोलादपूरला राहणारी त्यांची भाची येऊन विनवून गेली. थंडीत करून घेऊ, आता टाकेसुद्धा घालत नाहीत, तुम्हालाच जास्त माहीत. "म्हणूनच," सिस्टर म्हणायच्या. एकदा मला म्हणाल्या, "टेबलावर माणूस निजला की त्याचे पाय तेवढे बाहेर दिसतात. मी जन्मभर ते पाय बघितलेत. मोठा अधिकारी असो, हमाल असो, पाय सारखेच. थरथरतात. माझे पाय कुणीतरी बघणार, हे मला सोसत नाही." ज्या बाईने निम्म्या तालुक्याला दंडाला धरून टेबलावर चढवलं, ती आता अंधाऱ्या पायऱ्यांवर भिंत चाचपत उतरत होती. जेवणं कमी झाली. कुंड्यांकडे जाणं बंद झालं. सकाळचा प्रश्नही थांबला, आणि तो थांबल्यावर गल्ली सुनी वाटू लागली.

एका दुपारी शेटची आई आली. तिला सगळे काकी म्हणत. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा. मुलाचं आणि सिस्टरांचं वाजलं होतं, तरी ती सरळ ओटीवर येऊन बसली.

"सिस्टर, उद्या मी रिक्षा बोलावलीय. तू नि मी जायचं."

"कुठे?"

"डोल्याच्या डाक्टरकडं. मला तू नेली व्हतीस की नाय? मी रस्त्यात आरडत व्हते, लोक जमा झाले. तवा काय बोललीस तू? 'काकी, भीती वाटते तर वाटू दे. तिचं काम वाटायचं, तुझं काम बसायचं.' आता तूच बस."

"काकी, ते वेगळं."

"काय येगलं? तुजे डोले सरकारी हायत?"

मी आत चहा करत होते. बाहेर येऊन बघते तर सिस्टरांनी तोंडाला पदर लावला होता आणि काकीने त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता. "माजे पाय थरथरतील काकी," सिस्टर म्हणाल्या, त्यांच्या वाडीच्या बोलीत, जी मी तोवर त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. "समदी बघतील गो."

"मी धरून बसंन तुजे पाय. मला आत घेतला नाय तर दारात बसून राहीन."

काकीला आत घेतलं नाही. ती दारातच बसून राहिली, पार सिस्टर बाहेर येईपर्यंत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून भाची त्यांना महिनाभर पोलादपूरला घेऊन गेली.

त्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी शेट आमच्या दारात. चेहरा उतरलेला. "त्यांना आता दिसणार," तो म्हणाला. "आईने त्यांना वाचवलं, आता मला कोण वाचवणार?"

नवऱ्याला हसू आलं. त्याच्यामागून आलेली काकी मात्र हसली नाही. "रे, तुज्या गच्चीवर दिवसभर ऊन पडून फुकट जातंय," ती मुलाला म्हणाली. "कुंड्या वर ने की."

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून कुंड्या वर चढवल्या. शेटने दुपारच्या उन्हापुरतं जुनं धोतर दोरीवर बांधून आडोसा केला. रोज तो कुंडीत बोट खुपसून ओल बघायचा आणि मला विचारायला यायचा, पाणी घालू का. मी म्हणायची, नको. नवी पानं फुटली ती आधी पोपटी, मग पिवळसर, आणि महिन्याच्या शेवटी पिवळी.

सिस्टर परत आल्या त्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून. फाटकात उतरल्या आणि रिकाम्या पायऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. "गेला का सगळा?" त्यांनी हळूच विचारलं.

शेट पुढे झाला. "सिस्टर, आमच्या घराची पायरी चढणार नाही म्हणाला होतात. आज तेवढी चढा."

काय झालं असेल ते त्यांना कळलं असावं, कारण त्या लगेच त्याच्यामागे गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. गच्चीवर शेटने त्यांच्यासाठी लाकडी खुर्ची मांडून ठेवली होती. त्या बसल्या नाहीत. कठड्यालगतच्या कुंड्यांसमोर उभ्या राहिल्या आणि काळा चष्मा काढला. काकी "नको गो, ऊन लागंल" म्हणाली, ते त्यांनी ऐकलं नाही.

"हा हिरवा झाला होता ना?"

"झाला होता," शेट म्हणाला.

"आणि तुम्ही म्हणत होतात पिवळा धमक."

"हो. तुमची तक्रार खरी होती सिस्टर. माझ्या माडीने ऊन खाल्लं. पण ते आता इथे वर पडतं. तुमचंच आहे ते. कुंड्या इथेच राहू देत, तुम्ही रोज या."

सिस्टर कुंड्यांवरून बोटं फिरवत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि लांब नदीकडे बघितलं, पलीकडच्या डोंगराकडे बघितलं, काकीच्या चष्म्याकडे बघून जराशा हसल्या. तशाच बघत बघत त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली.

"इकडे ये तू."

मी गेले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली. दुसऱ्या डोळ्याचीही ओढली. मग हाताची नखं बघितली.

"कधीपासून अशी पांढरी पडलीयस?"

"काही नाही सिस्टर. शाळा, घर, जरा दमायला होतं..."

"चक्कर येते?"

"सकाळी कधी कधी."

त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून एक प्रश्न विचारला. मी मनातल्या मनात तारखा मोजल्या. पाळीचे दिवस किती वर गेले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सिस्टरांना उत्तराची गरज पडली नाही. त्यांनी ती खुर्ची ओढली आणि मला खांदे धरून तिच्यावर बसवलं.

"अंगात रक्त नाही पोरीच्या, आणि कुणाला पत्ता नाही," त्या माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "रिक्षा आणा. हळू चालवणारा बघून आणा. आणि शेट, थोडा गूळ आणि दाणे."

दोघेही धावले. रिक्षाचा भोंगा खाली वाजला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "चल, हात दे." मला वाटलं, ऑपरेशन नुकतंच झालंय, जिना अरुंद, त्यांना आधार हवा असेल. मी हात पुढे केला. त्यांनी माझा दंड कोपराच्या वर घट्ट पकडला, स्वतः एक पायरी पुढे झाल्या, आणि "आता उजवा पाय, घाई नाही, आता डावा," असं प्रत्येक पायरीला म्हणत मला खाली घेऊन गेल्या.